आक्काची शीग

आमच्या घरात लोणच्याच्या बरणीला आणि वाईनच्या बाटलीला एकच कायदा होता. बाई बाजूला बसलेली असेल, तर तिनं दोन्हींना हात लावायचा नाही. लोणच्याला बुरशी येते, पापड तळताना लाल पडतो आणि तळघरातल्या बाटलीतला गाळ खाली बसत नाही, असं आमच्या आक्कानं ठरवून टाकलं होतं. पहिल्या दोन गोष्टी तिला तिच्या आईनं सांगितल्या असणार. तिसरी मात्र तिची स्वतःची, कारण आमच्या गावात अण्णांच्या आधी असली वाईन कुणी पाहिलीच नव्हती, मग तिचा विटाळ कोण कशाला सांगून ठेवतंय? पण कायदा म्हणजे कायदा. शिर्डीचं दर्शन उरकून आमचं तळघर बघायला पाहुणे येतात, त्यांना मी हे सांगते, तेव्हा त्यांच्यातल्या बायका हसतात आणि पुरुष मोबाईलमध्ये बघायला लागतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्या जणी स्वतःच्या घरी अजून देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहत असतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी सांगायचं थांबवत नाही. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, माझा भाचा, म्हणतो, "आत्या, पाहुण्यांपुढं हे कशाला?" मी म्हणते, पाहुण्यांपुढंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. लग्नाआधी ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वाईनच्या कारखान्यात कामाला होते. तिथं परदेशातून आलेल्या एका उस्तादाच्या हाताखाली ते ही विद्या शिकले. वाईनमधला फेस बाहेरून भरायचा नाही, तो बाटलीतच जन्मला पाहिजे, एवढी एक गोष्ट डोक्यात घेऊन ते गावी परतले आणि बेदाण्याच्या शेडखाली मुरूम खणून त्यांनी तळघर काढलं. परवान्यासाठी नगरच्या इतक्या खेपा घातल्या, की एसटीचे कंडक्टर त्यांना नावानं हाक मारायचे. गावानं नाव ठेवलं, अण्णाची दारू. आम्ही घरात तिला 'फेसाची' म्हणायचो. द्राक्षं आमची थॉमसनच, चारचौघांच्या रानात असते तीच, पण अण्णा ती आंबटढाण असतानाच तोडायचे. शेजारचे बागाईतदार बांधावर उभे राहून हसायचे. "भागवत, पोरं खानार का पाखरं?" म्हणून विचारायचे. अण्णा कात्री चालवत राहायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. फेसाला आंबटपणाच लागतो, हे ते एकदा सांगून चुकले होते. दुसऱ्यांदा सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रस काढून तो टाक्यांत आंबवला, की साधी वाईन तयार होई. खरं काम त्याच्या पुढं. दिवाळी उरकली, की ती जाड काचेच्या बाटल्यांत भरायची, प्रत्येक बाटलीत एक माप साखर आणि थोडं यीस्ट घालायचं, सोड्याच्या बाटलीला असतो तसा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा आणि तळघरातल्या मागच्या भिंतीला बाटल्या आडव्या रचून ठेवायच्या. आत ती साखर हळूहळू संपते आणि तिचा फेस होतो. वर्षभर त्यांना कुणी हात लावायचा नाही. वर्ष झालं, की त्या पुढं आणून भोकं पाडलेल्या लाकडी घोड्यांवर मान खाली करून खोचायच्या. मग रोज सकाळी प्रत्येक बाटली पाव वळसा फिरवायची, म्हणजे आतला गाळ सरकत सरकत तोंडाशी येऊन बसतो. हिला आम्ही फिरवणी म्हणायचो. एक दिवस जरी फिरवणी चुकली, तरी गाळ काचेला धरून बसतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. शेवटी बर्फामिठात बाटलीची मान गोठवून बिल्ला उडवला, की गाळाचा खडा बाहेर पडतो आणि आत नुसती स्वच्छ वाईन राहते. लगेच वरून भर घालून बूच मारायचं. एवढ्यासाठी दीड-दोन वर्षं जायची.

गाळ काढायच्या दिवशी घरात सकाळपासून फोडणी नसायची. लसणाच्या वासात अण्णांना चव कळायची नाही. शिर्डीच्या बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या लाद्या टेम्पोतून यायच्या, अंगणात आम्ही त्या मोगरीनं फोडायचो, आणि दुपारपर्यंत सगळे दहीभाकरीवर. काम संपलं, की आई चुलीवर हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पातेलं चढवायची. बर्फानं बधिर झालेली बोटं त्या पातेल्याच्या वाफेवर धरून आम्ही बसायचो. आता गोठवायला यंत्र आहे, पण त्या दिवशी फोडणी नाही ती नाहीच. मागं भाच्याच्या बायकोनं स्वयंपाकघरात चुकून जिरं टाकलं, तर मी खालून ओरडले. अण्णा माझ्या अंगात आले, असं ती म्हणते. येऊ देत.

फिरवणी बायकांची. आई, मी आणि शेजारची हौसाकाकू. दोन्ही हातांनी दोन बाटल्या धरायच्या, किंचित उचलायच्या, वळवायच्या, सोडायच्या. तळघरात त्याचा एक आवाज असायचा, लाकडावर काच टेकल्याचा, खट् खट् खट् खट्, आणि त्यात तिघींचा ठेका वेगवेगळा. डोळे मिटून मी सांगायची आई कुठल्या घोडीवर आहे. बांगड्या वाजून ठेका चुकतो, म्हणून आई आणि काकू बांगड्या कोपराकडं सरकवून वर फडकं गुंडाळायच्या. बाटलीच्या बुडाला चुन्याचा एक ठिपका असे, तो आज कुठं आहे यावरून उद्याचा वळसा कळायचा. दहावी झाली, शाळा सुटली, आणि मी त्या तळघरात उतरले ती उतरलेच. मला ते काम आवडायचं. आवडायचं म्हणजे सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवायचं. गावातल्या माझ्या वयाच्या मुली रुमालावर मोर भरत होत्या आणि मी हाताच्या अंदाजानं कुठल्या बाटलीतला गाळ आळशी आहे, ते ओळखत होते. मला हेच करायचं होतं, जन्मभर. पण मुलीच्या जातीला असं काही करायचं असतं, हेच मुळी कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि आक्का. आक्का अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परतली. घर तिच्या हातात होतं. भाकरी किती, पीठ किती, पाहुण्याला चहा की जेवण, सगळं तिच्या तोंडून. पण गावात हळदीकुंकू असलं, की ती मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसायची. बोलावत नसत तिला. लग्नात नवरीच्या अंगावरून तिची सावली जाऊ नये, म्हणून बायका पदर सावरायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अण्णांना ते सहन व्हायचं नाही. पहिल्या वर्षी बाटल्या भरायच्या होत्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमक्ष साखरेचं माप आक्काच्या हातात दिलं. "साखर आक्काच्या हातची," म्हणाले. तांबटाकडून घडवून घेतलेलं, अंगठ्याएवढं पितळी माप होतं ते. गल्लीतली एक म्हातारी तिथं होती. ती म्हणाली, "भागवता, शुभाचं काम रं. इधवेच्या हातची साखर, फुटंल समदं." अण्णा म्हणाले, "फुटलं तर माझं फुटंल." ते माप आक्का वर्षभर स्वतःच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि भरणीच्या आदल्या दिवशी चिंचेनं घासून लखलखीत करायची. शुभाचं असं तिच्या हातात जगात तेवढंच एक काम होतं.

आक्काला एक सवय होती. तिला सपाट माप देता यायचं नाही. कुणी ज्वारी मागायला येवो नाहीतर डाळ, ती मापटं भरायची आणि वर शीग लावायची. दाणे ओघळून खाली पडेपर्यंत भरायची. "सपाट माप सावकार देतो," म्हणायची. "घरच्या मानसानं हात आखडू नये." बाटलीत साखर घालतानाही तेच. माप शिगेनं भरायचं आणि नरसाळ्याकडं न्यायचं. अण्णा शेजारी भाजीची सुरी घेऊन बसत. माप नरसाळ्यावर जाण्याआधी ते सुरीच्या पाठीनं शीग उतरवायचे. दरवर्षी दोघांचं तेवढ्यावरून चालायचं. "भागा, किती रं कवडीचुंबक तू," आक्का म्हणायची. "त्या बाटल्या काय परक्याच्या हायत?" अण्णा हसायचे आणि सुरी फिरवायचे. साखर जास्त झाली तर काय होतं, हे त्यांनी तिला सांगितलं असेलही, पण आक्काच्या हाताला ते कधी पटलं नाही. एका वर्षी भरणी चालू असताना अण्णांना नगरहून तातडीचं बोलावणं आलं, परवान्याचं काहीतरी अडलं होतं. दुपारच्या गाडीनं ते गेले. उरलेल्या बाटल्या आक्कानं संध्याकाळपर्यंत एकटीनं उरकल्या. मी बिल्ले ठोकत होते. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला ती म्हणाली, "आज कुनी हात धरला न्हाई बग माझा." त्या बाटल्या मागच्या भिंतीला उजव्या अंगाला रचल्या गेल्या. डाव्या अंगाला अण्णांनी सुरी फिरवलेल्या होत्या.

आता माझं. मी तळघरात उतरायला लागले, तेव्हाच त्या चार दिवसांचा प्रश्न आला. आई बाजूला बसायची तेव्हा मी आणि काकू फिरवायचो, काकू बसली तर आई आणि मी. पण घोड्या वाढल्या होत्या आणि दोघींना काम आटपायचं नाही. त्यात एकदा आई आणि काकू दोघी एकदमच बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझीही पाळी आली. मी अंगणात उभी राहून विचार केला. सांगितलं तर आज फिरवणी नाही. फिरवणी नाही तर महिन्याभराचं काम पाण्यात. बाटलीला कळणार आहे का? मी खाली उतरले आणि सगळ्या घोड्या एकटीनं फिरवल्या. हात भरून आले. त्या बाटल्या पुढं उन्हाळ्यात उघडल्या, तर इतक्या स्वच्छ, की अण्णांनी एक उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. त्या दिवसापासून मी कधीच बाजूला बसले नाही. कुणाला सांगितलं नाही एवढंच. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. जे मुळात कुणी विचारायलाच नको होतं, ते न सांगणं याला मी खोटं म्हणत नाही.

त्या भरणीनंतरचा चैत्र सरला आणि उन्हाचा तडाखा सुरू झाला. आम्ही जेवायला बसलो होतो आणि पायाखालून धाडकन आवाज आला. कुत्रं शेपूट घालून गोठ्यात पळालं. लगेच दुसरा आवाज, मग तीन-चार एकदम. अण्णा ताटावरून उठले, तारेच्या जाळीचा मुखवटा चढवून खाली गेले आणि परत आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. "फुटायल्यात," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात रोज दुपारी, ऊन चढलं की, बाटल्या फुटत राहिल्या. एक फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारच्या दोन. घरभर आंबूस वास, आणि जेवताना प्रत्येकाचा घास हातात थांबलेला. गल्लीतली ती म्हातारी ओट्यावर येऊन बसायची आणि नुसती मान हलवायची. आक्कानं तिच्याकडं पाठ करून दळण निवडलं. पण खडे सुपात राहत होते आणि दाणे बाहेर पडत होते. ते मी पाहिलं.

त्याच आठवड्यात आक्काला पेरूच्या झाडामागं मी वाळत घातलेलं फडकं दिसलं. ती ओरडली नाही. तळघराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि मी वर येईपर्यंत थांबली.

"इंदे, कवापासनं?" तिनं विचारलं.

"कालपासनं."

"आन् काल खाली गेल्तीस? आज बी?"

"गेल्ते. दर महिन्याला जाते."

आक्का पायरीवर बसली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त झोंबलं. तेव्हा समजलं नाही का ते. आज समजतं. फुटण्याचं कारण सापडलं होतं, आणि ते तिच्या हाताचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अण्णा, आई, आक्का, हौसाकाकू आणि मी. आई आणि काकू घमेल्यात काचा भरत होत्या. अण्णा बाजेवर बसले होते, मुखवटा मांडीवर. आक्कानं त्यांना रात्रीच सांगितलेलं दिसत होतं, कारण ते माझ्याकडं न बघताच बोलले.

"इंदू, आजपासनं तू खाली जायचं न्हाई."

"आन् ते कोपरगावकडचं स्थळ," आक्का म्हणाली, "त्येंला होकार कळव, भागा. ह्याच मोसमात उरकून टाक. पोरीचं चित्त ठिकान्यावर येईल."

माझ्या अंगाचा भडका उडाला. आयुष्यात मी पुष्कळ वेळा चिडले आहे, पण तशी नाही. मी हातातली केरसुणी खाली टाकली. "अण्णा, मी हात लावते त्या घोडीवरच्या बाटल्यांना. त्यातली एक तरी फुटली का?"

अण्णा मांडीवरचा मुखवटा उलटसुलट करायला लागले.

"फुटल्या त्या मागच्या भिंतीच्या. त्येंला भरनीपासनं कुनाचा हातच लागलेला न्हाई. हात लावलेल्या शाबूत हायत आन् न लावलेल्या फुटल्या. मंग माझ्या हातानं फुटल्या कशा?"

"हात कशाला लागाया पायजे?" आक्का म्हणाली. "तू खाली उतरलीस, वावरलीस, सावली पडली. तेवढं बास हाय."

आणि तेव्हा आई बोलली. माझी आई घरात सगळ्यात कमी बोलणारी. तिनं घमेलं खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "मंग वन्सं, आजवर एक बी बाटली नीट निघाया नको हुती."

"म्हंजी?"

"मी बी जायची. इंदी हाताशी येईस्तवर दर महिन्याला जायची. चार दिवस कोन फिरवनार हुतं? इंदी तवा लहान हुती. एकटी हौसा कुठवर पुरनार? तुमी सकाळी देवपूजेला बसला, की मी, हौसा यायच्या आदी, मागच्या दारानं खाली जायची आन् तुमी उठायच्या आत परत घोंगडीवर येऊन बसायची."

मग हौसाकाकू घमेल्यावरून मान न उचलता म्हणाली, "आगं बया. मला वाटलं मी एकलीच."

मला हसू फुटलं. आईला फुटलं. काकू तर काचांच्या घमेल्याशेजारी फतकल मारून बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. तिघी जणी, एका तळघरात, एकीचं एकीला न सांगता, वर्षानुवर्षं तो कायदा मोडत आलो होतो, आणि वर्षानुवर्षं वाईन काचेसारखी स्वच्छ निघत होती. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जी वाखाणली जायची, त्यातली कुठलीच बाटली आक्काच्या कायद्यातली नव्हती. अण्णा एकदा आईकडं बघत होते, एकदा काकूकडं. एवढे हुशार, पण घरातल्या बायका महिन्यातून कधी कुठं असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मंग फुटल्या कशानं?"

मला माहीत होतं. आठवडाभर मीच तिथं झाडत होते. काचा सगळ्या उजव्या अंगाला पडायच्या. डाव्या अंगाची बाटली जागची हललेली नव्हती. मला ती दुपार आठवत होती, आक्काचा तो समाधानी चेहरा आठवत होता, आणि मी आठवडाभर दाताखाली जीभ धरून बसले होते, कारण बोलले तर त्या माप घासणाऱ्या हातातून जगातलं एकमेव शुभ काम जाणार होतं. पण ती माझं तळघर काढून घ्यायला निघाली होती. मला लग्नाच्या बोहल्यावर उभी करायला निघाली होती. मी बोलले.

"उजव्या अंगाच्या फुटल्या, अण्णा. तुमी नगरला गेल्ता, त्या दुपारच्या. त्या दुपारी सुरी कुनी फिरवली न्हाई. आक्कानं शीग तशीच आत घातली."

अण्णांनी डोळे मिटले. आक्का स्वतःच्या दोन्ही तळहातांकडं बघत राहिली. "म्हंजी माझ्याच हातानं," ती म्हणाली. "ती म्हातारी म्हनली तसं."

"न्हाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. जाऊ दे, जावाच. "हातानं न्हाई, शिगेनं. सपाट घातली असतीस तर एक बी फुटली नसती. तुझ्या हाताला काय झालेलं न्हाई आन् माझ्या बी न्हाई. बाटलीला कुंकू कळत न्हाई, अडचन कळत न्हाई. साखर तेवढी कळती. काय बी फुटलं, की आधी बाई हुडकायची, एकीला नवरा न्हाई म्हनून, एकीची पाळी म्हनून. तू तरी तसं करू नको, आक्का. तुला म्हाईत हाय ते कसं लागतं."

आक्का उठली आणि आत गेली. त्या दिवशी अण्णांनी आणि आम्ही तिघींनी अंगाला गोधड्या गुंडाळून उजव्या अंगाच्या उरलेल्या सगळ्या बाटल्यांचे बिल्ले एकेक करून सैल केले. फेस छताला लागत होता. कोपरगावला नकार गेला. मला खाली जायला कुणी अडवलं नाही. पण आक्कानं पेटीतलं ते पितळी माप काढून देवघरात देवांपुढं ठेवलं आणि म्हणाली, "आता ह्ये माझ्या हाताला लागायचं न्हाई." ती आमच्याशी बोलायची, भाकरी किती ते सांगायची, ज्वारीच्या मापट्याला शीगसुद्धा लावायची. माझ्याकडं मात्र बघायची नाही. लोक विचारतात, तेव्हा बोललीस त्याचं वाईट वाटतं का? नाही वाटत. ती दुखावली याचं वाईट वाटलं. बोलल्याचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बायकांना त्या एकच आहेत असं लहानपणापासून शिकवलं जातं.

दिवाळीनंतर पुन्हा भरणी आली. अण्णा म्हणाले, "औंदा साखर इंदू घालंल." मी म्हणाले, "साखर आक्काच्या हातची." ते म्हणाले, "ती यायची न्हाई." मी वर गेले. आक्का देवघरासमोर वाती वळत बसली होती. मी तिच्या अंगावरून सरळ देवघराचा उंबरा ओलांडला, आत जाऊन देवांपुढचं माप उचललं आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"आक्का, आज माझा दुसरा दिस हाय," मी म्हणाले. "माप मी देवापुढनं आनलंय. आता घ्यायचं का न्हाई, ते तू ठरव."

तिनं मान वर केली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता ती पाणी मागेल, माप धुवायला, देवघर शिंपडायला. तिनं हातातली वात खाली ठेवली. मग तिनं माप उचललं, पदरानं आतून पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

आमच्याकडं अजून साखर हातानंच पडते. साखर मोजून टाकणारं यंत्र घ्या म्हणून भाचा सांगत असतो, आणि बाकीचं काय काय यंत्रानं होतंही. पण भरणीच्या दिवशी एकीनं शीग भरायची आणि दुसरीनं उतरवायची, हे मी आहे तोवर बदलायचं नाही. कोण बाजूला बसली आहे हे आमच्या तळघरात कुणी विचारत नाही आणि कुणी लपवतही नाही. पोरी वरून ओरडून सांगतात, "आत्या, आज पोट दुखतंय, मला वरच्या घोड्या देऊ नका." मी देत नाही.

त्या दिवशी खाली आक्का साखरेच्या पोत्यापुढं बसली. शेजारी, अण्णा बसायचे तिथं, मी सुरी घेऊन. तिनं माप पोत्यात बुडवलं आणि वर काढलं. शीग होतीच. सवय कुठं जाते? ती माप तसंच नरसाळ्याकडं नेणार, तोच थांबली आणि ते माझ्यापुढं धरलं.

"काढ," म्हणाली.

मी सुरीची पाठ फिरवली. उतरलेली साखर तिनं दुसऱ्या हाताच्या ओंजळीत झेलली, सपाट माप बाटलीत रिकामं केलं, आणि मग ती ओंजळ माझ्या तळहातावर उलटी केली. हळदीकुंकवाला दारात आलेल्या सवाष्णीच्या हातावर साखर ठेवतात, तशी. "तोंड गोड कर, पोरी," म्हणाली. "कामाची सुरुवात हाय." मी तिथंच, तिच्यासमोर, सगळी साखर खाल्ली, आणि तिनं दुसरं माप भरलं.